डब्यातली भाषा

बेळगावहून उत्तरेकडे जायचे म्हणजे पूर्वी मिरजेला गाडी बदलावी लागे. मीटरगेजच्या डब्यातून उतरायचे, वळकटी-ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि ब्रॉडगेजच्या गाडीत जागा धरायला पळायचे. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि ही धावपळ संपली. आता वास्कोहून आलेली गोवा एक्सप्रेस बेळगावात धरली, की बसल्या जागेवरून ग्वाल्हेर, दिल्ली गाठता येते. बदलतात त्या फक्त खिडकीबाहेरच्या पाट्या.

उगार, शेडबाळ मागे पडले की पाटीवरची कन्नड अक्षरे संपतात, मिरजेपासून मराठी सुरू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी रावेर ओलांडून बऱ्हाणपूर आले, की मराठीही संपते. डब्यातली बोली मात्र पाट्यांना जुमानत नाही. रायबागकडची माणसे आपसात कन्नड बोलतात आणि समोरच्याला "कुठं निघालासा?" म्हणून मराठीत विचारतात. भुसावळला केळी विकणाऱ्याची मराठी खानदेशी वळणाची, आणि बऱ्हाणपूरच्या फलाटावरही एखादा मराठी शब्द कानावर येतोच. भाषा रेघेवर तुटत नाही; ती हळूहळू विरत जाते.

याच वाटेच्या आसपासची माणसे आठवतात. बेळगाव सोडल्यावर अंधारात सुळेभावी हे छोटे स्टेशन जाते. १९२४ साली तिथे कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली पुढे कुमार गंधर्व झाले, १९४८ पासून देवासला राहिले आणि मराठी पदांइतकीच माळव्याची लोकगीते त्यांनी आपली केली. त्याच्याही आधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी शिकून दक्षिणेत आले. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. मिरज आणि ग्वाल्हेर एका गाडीने जोडली जाण्याच्या कितीतरी आधी ती सुरांनी जोडली गेली होती.

मागच्या प्रवासात पुण्याला एक आजी चढल्या. ग्वाल्हेरच्या. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, तेव्हापासून घराणे तिथेच, असे त्यांनी सांगितले. "बेळगावचे तुम्ही? मग तुमच्याकडे दोन-दोन भाषा!" त्या हसल्या. त्यांची मराठी आपल्याला जरा वेगळी वाटावी अशी. त्या स्वयंपाक 'करत' नाहीत, 'बनवतात'. पण नातेवाईकांच्या हकीकती सांगताना कुठेही अडल्या नाहीत. त्यांच्या गावच्या स्टेशनवर मराठी पाटी नाही, कचेरीत आता मराठी चालत नाही, तरी घरात ती चालूच राहिली. आपण सीमाभागातली माणसे पाटीसाठी झगडलो आणि ते योग्यच होते. पण नुसत्या पाटीने भाषा टिकत नाही, हे आजींकडे पाहून कळत होते.

सोबत त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू होता. त्याचे सारे बोलणे हिंदीत. इटारसी गेल्यावर नर्मदेचा पूल आला, आजींनी हात जोडून पाण्यात नाणे टाकले, त्यानेही टाकले. मग मी कुंद्याचा डबा उघडला. एक घास संपताच त्याने हात पुढे केला, "और दो ना!"

मी देणार, तोच आजी शांतपणे म्हणाल्या, "'अजून द्या' म्हण."

तो लाजला, खिडकीकडे वळला, मग हळूच म्हणाला, "अजून द्या."

आजींना त्यात काही विशेष वाटले नाही. त्या पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या. दिवसातून असे किती वेळा होत असेल कोण जाणे! आमच्या गल्लीतली मुले आता इंग्रजी शाळेत जातात, रस्त्यावर कन्नड बोलतात, टीव्हीवर हिंदी ऐकतात. चार भाषा येणे ही श्रीमंतीच. फक्त त्यांतली एक रोज कुणीतरी न रागावता, न कंटाळता मागून घ्यावी लागते. ते काम शाळेचे नाही, सरकारचेही नाही. ते घासाघासाला करायचे काम आहे.