सौजन्य

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात सकाळच्या गर्दीत एक माथाडी कामगार पाठीवर गोण घेऊन समोरून आला आणि मी वाट द्यायची सोडून त्याच्या जर्सीकडे बघत उभी राहिले. गडद निळा रंग. पुढे पांढऱ्या अक्षरांत गॅझप्रॉम, त्यातली शेवटची दोन अक्षरं धुऊन धुऊन उडालेली. डाव्या बाजूला गोल बिल्ला, त्यात 04. खांद्यापाशी आकडीनं ओढला गेलेला एक लांब धागा.

"ओ ताई, सरका की!"

गोण उतरवून तो पाणी प्यायला थांबला तेव्हा मी विचारलंच.

"दादा, ही जर्सी कुठून घेतलीत?"

"पोरानं आणली. जांभळी नाक्यावरनं."

"कुठल्या टीमची आहे, ठाऊक आहे का?"

"टीम कुठली आलीय! घाम लगेच वाळतो, म्हणून घालतो."

तो पुढच्या गोणीकडे गेला आणि माझा हिशेब सुरू झाला. गॅझप्रॉम ही रशियाची गॅस कंपनी शाल्के झिरो फोर या जर्मन फुटबॉल क्लबच्या जर्सीवर आली 2007 साली. 2022च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि क्लबनं ते नाव उतरवून त्या जागी नुसतं 'शाल्के 04' लिहिलं. म्हणजे कपडा त्या मधल्या काळातला. अस्सल की नक्कल, कोण जाणे. पण शाल्के हा गेल्सनकिर्शनच्या कोळसा खाणींतल्या कामगारांचा क्लब. त्यांच्या स्टेडियममध्ये खेळाडू मैदानावर येतात ती वाटसुद्धा खाणीतल्या बोगद्यासारखी सजवलेली आहे. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाच्या अंगावर ती जर्सी असणं मला फार म्हणजे फारच योग्य वाटलं. गॅलरीत बसून कॉफी पिताना ती घालणारी मी, माझ्याहून तिच्यावर त्याचा हक्क जास्त.

आमच्या नेरूळ-सीवूड्सकडे टर्फवर खेळणारी मुलं बघा. मँचेस्टर, बार्सिलोना, माद्रिद, आणि पाठीवर मेस्सी नाहीतर रोनाल्डो. छान दिसतात. पण त्या जर्सीवर विमान कंपन्यांची नावं बघून मला विमानतळावरच्या दुकानात शिरल्यासारखं होतं. जर्मन लीगच्या जर्सीवर जाहिराती नसतात असं नाही, भरपूर असतात. तरी तिथे मधूनच कुणाचं तरी काम लिहिलेलं सापडतं. 21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रोप गावातली जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. त्याच संध्याकाळी डॉर्टमुंडचा संघ घरच्या मैदानावर उतरला तेव्हा पिवळ्या जर्सीवर नेहमीच्या प्रायोजकाचं नाव नव्हतं. तिथे खाण-कामगारांचे दोन शब्दांत आभार मानले होते. गिरण्या बंद झाल्या तेव्हा आपल्याकडे कोणी कुठल्या कपड्यावर असं काही छापल्याचं मला आठवत नाही. आणि कपडा तर त्या गिरण्याच विणत होत्या.

माझ्या कप्प्यात सगळ्यात वर लेव्हरकुझेनची लाल-काळी जर्सी असते, आणि ती तिथे आहे माझ्या मामामुळे. मामा ठाण्याच्या कोळशेत रस्त्यावरच्या बायरच्या कारखान्यात होता. आमच्या आजोळी भिंतीवर बायरचं कॅलेंडर, देवघरात उदबत्तीच्या पुड्याशेजारी बायरची काडेपेटीएवढी डायरी, आणि मामाच्या खिशाला तेच पेन. गोलात आडवं-उभं लिहिलेलं ते पाच अक्षरांचं चिन्ह मी वाचायला शिकायच्या आधीपासून ओळखत होते. मामाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. त्याचा खेळ कॅरम.

2002च्या मे महिन्यात मी सुटीला त्याच्याकडे होते. चॅम्पियन्स लीगची फायनल आपल्या वेळेनं मध्यरात्रीनंतर सुरू व्हायची. मी टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते. उकाड्यानं झोप लागेना म्हणून मामा बनियनवर बाहेर आला, पाणी प्यायला, आणि पडद्याकडे बघून तांब्या हातातच धरून थांबला.

"अगं, ही तर आमची कंपनी!"

दोन सिंहांच्या मधे त्याचं ते चिन्ह, खेळाडूच्या छातीवर. पलीकडे रिआल माद्रिद, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, झिदान आणि राऊलसकट. मामानं खुर्ची ओढली. मी त्याला सांगितलं की हा क्लब खरोखरच कारखान्यातल्या लोकांनी काढला. 1903 साली विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगारानं कंपनीला पत्र लिहिलं, की आम्हाला खेळाचा क्लब काढायचाय, मदत करा. खाली एकशे सत्तर जणांच्या सह्या. 1904 साली क्लब सुरू झाला. मामाला फुटबॉलपेक्षा हे जास्त आवडलं.

"एकशे सत्तर सह्या? आमच्याकडे कँटीनच्या चहासाठी अर्ज केला तेव्हा साठ गोळा करताना नाकी नऊ आले होते."

मग त्याचं लक्ष छातीवरच्या मोठ्या अक्षरांकडे गेलं. आरडब्ल्यूई.

"हे कोण?"

"वीज कंपनी. स्पॉन्सर."

"आमच्या पोरांच्या अंगावर दुसऱ्याच कंपनीचं नाव? हे काय बरोबर नाही." आणि हे तो नंतर पूर्ण सामनाभर दर दहा मिनिटांनी म्हणत राहिला.

राऊलनं गोल केला, लुसिओनं डोक्यानं बरोबरी साधली. मामानं टाळी वाजवली आणि मामी आतून ओरडली. हाफटाइमच्या तोंडावर झिदाननं उंचावरून खाली येणारा चेंडू डाव्या पायावर घेऊन जाळ्यात मारला. जगातल्या सर्वोत्तम गोलांमध्ये त्याची गणती होते. मामा म्हणाला, "चांगला मारला, पण आपल्याला नको होता." शेवटची काही मिनिटं लेव्हरकुझेननं नुसता हल्ला चढवला. बदली आलेल्या कासियासनं एकामागून एक चेंडू अडवले. दोन-एक. त्या मोसमात लेव्हरकुझेननं लीग एका गुणानं गमावली, जर्मन कपची फायनल शाल्केकडून हरली, आणि वर ही तिसरी. मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सेकंड शिफ्ट संपली, झोपा आता."

कोळशेत रस्त्यावर आता टॉवर आहेत. मामा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण घरात नंतर कायम तो 'आपले लोक काय करतात' असं विचारी, आणि मी उत्तर देई, "हरले." 14 एप्रिल 2024, रविवार. आंबेडकर जयंतीची मिरवणूक खालून चाललेली, ढोल, डीजे, निळे झेंडे, आणि मी कानात इयरफोन खुपसून मोबाइलवर सामना बघतेय. लेव्हरकुझेननं ब्रेमेनला पाच-शून्य हरवलं आणि पहिल्यांदा लीग जिंकली. पुढे त्या लीगमधले चौतीसच्या चौतीस सामने त्यांनी न हरता पार पाडले. मी मामाला फोन लावला.

"मामा, जिंकलो!"

"कोण?"

"आपली कंपनी."

"किती वर्षं लागली?"

"एकशे वीस."

"मग मी जरा लवकरच रिटायर झालो म्हणायचं."

जर्मनीतल्या इतर क्लबांचे लोक लेव्हरकुझेनला नाकं मुरडतात हे मला ठाऊक आहे. तिथे नियम असा की क्लबची बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत, कंपनीला मालक होता येत नाही. लेव्हरकुझेन आणि व्होल्फ्सबुर्ग यांना त्यातून सूट, कारण एकाच्या मागे बायर आणि दुसऱ्याच्या मागे फोक्सवॅगन जुन्या काळापासून उभी आहे. नियम चांगलाच आहे, आपल्याकडे यावा असाच आहे. तरी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला 2009च्या मार्चअखेर, आणि मे महिन्यात व्होल्फ्सबुर्गनं लीग जिंकली, याचा मला उगाचच आनंद होतो. माझ्या मावसबहिणीचा नवरा तिथे लागला होता. त्याला या विजयाचा पत्ताही नव्हता.

2022च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला. जर्मनीच्या मुलींनी ब्राझीलला दोन-शून्य हरवलं तो सामना बघायला मी लेव्हरकुझेनची जर्सी घालूनच गेले. मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलानं वडिलांना विचारलं, "पप्पा, त्या काकू आरसीबीचा टी-शर्ट घालून का आल्यात?" लाल-काळ्याचा हा त्रास आहे.

आता जाहिरातींचं. जर्सीवर जाहिरात आणण्याची युक्ती जर्मनीत काढली ती ग्युंटर मास्ट या दारूवाल्यानं. येगरमाइस्टर ही त्याची कडू-गोड दारू, बाटलीवर हरणाचं डोकं. फुटबॉल संघटना जाहिरातीला परवानगी देईना. मग 1973 साली ब्राउन्श्वाइगच्या क्लबनं आपलं सिंहाचं बोधचिन्हच बदललं आणि तिथे हरीण आणलं. जाहिरात कुठेय? हे तर आमचं चिन्ह! मार्चमध्ये शाल्केविरुद्ध ते हरीण मैदानात उतरलं, आणि त्याच वर्षी संघटनेला जाहिराती मान्य कराव्या लागल्या. ब्राउन्श्वाइग मात्र त्या मोसमात खालच्या लीगमध्ये घसरलं. हरणाला काही झालं नाही.

कोपरखैरणे, घणसोली, करावे इथल्या अंडरआर्म टूर्नामेंटच्या जर्सी ज्यांनी पाहिल्यात त्यांना मास्ट साहेब अगदीच लाजाळू वाटतील. छातीवर 'सौजन्य', खाली भाऊंचं नाव, बाहीवर दादांचं नाव, आणि पाठीवर नंबराच्या जागी हात जोडलेला भाऊंचा हसरा फोटो. फलंदाज धावला की भाऊ हलतात. आमच्या बायकांच्या फुटबॉल ग्रुपनं जर्सी छापून घेतल्या तेव्हा प्रिंटिंगवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, कुणाचा फोटो टाकू? फुल कलर आहे, पैसे तेवढेच." आम्ही कुणाचाच नको म्हटल्यावर त्याला आमची दया आली असावी. त्यानं स्वतःहून खाली एक चेंडू टाकून दिला.

बायकांवरून आठवलं. 1976 साली हाम्बुर्गच्या क्लबचे मॅनेजर पेटर क्रोन यांनी संघाला गुलाबी जर्सी घातल्या, का, तर बायका स्टेडियममध्ये याव्यात. धिप्पाड जर्मन बचावपटू, आणि अंगात बारशाला आणलेला रंग. पुढच्याच वर्षी त्या संघानं युरोपचा कपविनर्स कप जिंकला, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची सोय नाही. पण बायकांना बोलवायचं तर आधी स्वच्छतागृहं आणि परतीची शेवटची गाडी बघावी, असं मी क्रोनना सांगितलं असतं. गुलाबी रंग मला आवडतो, हा भाग वेगळा.

त्याच हाम्बुर्गमधला बंदराजवळचा सेंट पॉली. त्यांचा रंग तपकिरी, बहुतेक क्लब ज्याच्या वाटेला जात नाहीत असा. ऐंशीच्या दशकात तिथले प्रेक्षक चाच्यांचा कवटीचा झेंडा घेऊन यायला लागले आणि ती कवटी त्यांना कायमची चिकटली. मी तो टी-शर्ट घालून स्वयंपाकघरात गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे डीपीवरचं 'धोका'चं चित्र अंगावर कशाला?" त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, पण चतुर्थीला घालू नकोस."

श्टुटगार्टची पांढरी जर्सी, छातीवरून गेलेला लाल पट्टा, 1925पासून तोच. देखणेपणात तिचा नंबर पहिला, यावर मी वाद घालणार नाही. पण मला हवी आहे ती दुसरीच, आणि ती काही केल्या मिळत नाही. बोखुम हा निळ्या-पांढऱ्यांचा छोटा क्लब. 1997 साली प्रथमच युरोपात खेळायला निघाला तो निळ्या जर्सीवर इंद्रधनुष्याचे पट्टे मिरवत, कारण प्रायोजक लॉटरी कंपनीच्या चिन्हात ते रंग होते. क्लबच्या लोकांनी नाकं मुरडली, आणि आता तीच जर्सी म्हटली की त्यांचे डोळे चमकतात. तेव्हाचे कोच क्लाउस टॉपम्योलर. पुढे मामाच्या त्या मध्यरात्री लेव्हरकुझेनच्या बाकावर बसलेले तेच. ती जर्सी भडक आहे, बेढब आहे, आणि मला पाहिजे आहे. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, भंगारवाल्याकडे, परदेशातून आलेल्या भाच्याच्या बॅगेत, पनवेलपासून ऐरोलीपर्यंत कुठेही ती कुणाला दिसली, तर तिचं फरशी पुसायचं फडकं करू नका. मला एल साइझ येतो. एक्सएलही चालेल.