ऑप्टिमातेस

टोरंटोत मला लॅटिन शिकवलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. इथे शिक्षकांनाही नावानं हाक मारतात. मला ते जमलं नाही, मी ‘मॅडम’च म्हणत राहिलो. माझ्या भारतातल्या पदव्यांना इथे कुणी विचारत नव्हतं, त्या काळात या बाई रोबार्ट्स ग्रंथालयात माझ्यासाठी वेळ काढून यायच्या.

रोमन वक्ता सिसेरो याचं सेस्तिउसच्या बचावाचं, इ.स.पू. 56 मधलं भाषण आम्ही वाचत होतो. त्यात ‘ऑप्टिमातेस’ हा शब्द आला. सिनेटची सत्ता राखू पाहणाऱ्या रोमन उमरावांचं हे नाव. अर्थ लिहून मी पुढे निघालो, तर मॅडमनी आधी शब्द चालवायला लावला. एकवचन ऑप्टिमास, षष्ठी ऑप्टिमातिस; षष्ठीच्या बहुवचनात ऑप्टिमातिउम आणि ऑप्टिमातुम, दोन्ही रूपं चालतात. मूळ शब्द ऑप्टिमुस, म्हणजे सर्वांत चांगला. त्याचा शेवट हा संस्कृतातल्या ‘तम’ प्रत्ययाचा सख्खा भाऊ, हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी ‘तम’ची उदाहरणं माझ्याकडून वहीत उतरवून घेतली. असा मान मला त्या शहरात प्रथमच मिळाला.

मग त्यांनी ऑप्टिमासमधला ‘आस’ हा प्रत्यय उलगडला. आर्पिनुम गावचा तो आर्पिनास. तसा उत्तमांच्या गोटातला तो ऑप्टिमास. सिसेरो स्वतः आर्पिनास! त्याच्या घराण्यात आधी कुणी कॉन्सल या सर्वोच्च पदावर पोचलेला नव्हता. म्हणूनच असेल, या भाषणात तो गोटाचं दार रुंद करतो: जे गुन्हेगार नाहीत, स्वभावानं दुष्ट वा माथेफिरू नाहीत, ज्यांच्या घरचा कारभार बुडालेला नाही, ते सगळे ऑप्टिमातेस, मुक्त झालेले गुलामसुद्धा. मी भारावलो. मॅडमनी शेवटच्या अटीवर बोट ठेवलं. कर्जात बुडालेला गरीब मग कुठे गेला? स्वतःला उत्तम म्हणवणाऱ्यांची व्याख्या कशी वाचायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

1967 साली सुरू झालेल्या ऑर्डर ऑफ कॅनडाचं लॅटिन ब्रीदवाक्यही त्यांनीच दाखवलं. अधिक चांगल्या देशाची आस असलेले, असा त्याचा अर्थ. बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस यांतला मधला, तरभावाचा शब्द त्यात घेतला आहे, याचं मॅडमना फार समाधान होतं.

मॅडम आता नाहीत. टोरंटोतल्या कुणा मराठी मुलाला लॅटिन शिकायचं असेल, तर माझ्याकडे यावं. फी नाही, मॅडमनीही घेतली नव्हती.