घाट उतरण्याआधी

कोल्हापूर ते रत्नागिरी हा रस्ता आमच्या घराला नवा नाही. अब्बा हयात असताना धाकट्याला टाकीवर आणि थोरल्याला मागे बसवून याच रस्त्याने मिरकरवाड्याला फुफीकडे नेत. गाडी राजदूत ३५०. १९८३ साली भारतात आलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर असलेली टू-स्ट्रोक. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे भाऊ त्याच गाडीवर निघालो, ते तिला विकायला. रत्नागिरीत गिऱ्हाईक वाट पाहत होते.

फजरची नमाज पढून निघालो. थंडीत गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि आयडलिंगही ठीक होते. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे आले, की वेग कमी करावा लागे. बांबवड्याला चहासाठी थांबेपर्यंत इंजिन चांगले तापले होते. तेथे दुखणे कळले. रेस सोडली तरी इंजिन वरच्या आवाजात ओरडत राही आणि मग सावकाश खाली येई. आम्ही आयडलिंगचा स्क्रू थोडा सैल केला, तर गाडी बंद पडू लागली. पुन्हा आवळला, तर पुन्हा ओरडणे.

खरे सांगायचे तर एक वाईट विचार आम्हा दोघांच्याही मनात आला. थंड गाडी छान चालते. रत्नागिरीला पोहोचून ती निवू द्यावी, मग गिऱ्हाइकाला दाखवावी. तो विचार कोणी बोलून दाखवला नाही, पण मलकापूरपर्यंतचा रस्ता आम्ही गप्पच होतो.

पुढे आंबा घाट होता. टू-स्ट्रोक गाडीला उतारावर इंजिनाचा आधार मुळातच कमी. त्यात रेस सोडल्यावरही गाडी पुढे ढकलत राहिली, तर वळणावर सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून मलकापुरात एका वयस्कर मिस्त्रींच्या टपरीपुढे थांबलो.

“काका, जरा कार्बोरेटर बघता का?”

“पोरांनो, स्क्रू किती पिळलात ते आधी सांगा,” ते हसले.

त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. आधी दोन्ही प्लग काढले. डाव्याचे टोक कॉफीच्या रंगाचे, उजव्याचे पांढुरके. म्हणजे उजव्या सिलिंडरला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. उजवा कार्बोरेटर उघडून आयडलिंगचा बारीक जेट उजेडात धरला, तो स्वच्छ होता. सगळे परत बसवून गाडी सुरू केली आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरावर पाण्याचे थेंब सोडले. तसा आवाज बदलला. रबराला केसाएवढी भेग होती. थंडपणी ती मिटलेली राही, तापल्यावर उघडून बाहेरची हवा आत ओढी.

“असंच पळवलं असतं, तर पिस्टन जाम झाला असता. तेही चालत्या गाडीत,” काका म्हणाले.

नवे रबर तेथे मिळणार नव्हते. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी भेगेवर घट्ट गुंडाळून वरून क्लॅम्प आवळला. मग दोन्ही कार्बोरेटर सारखे करण्याचे काम. एअर फिल्टर काढून दोन्ही तोंडांत एकेक बोट घातले आणि धाकट्याला हळूहळू रेस द्यायला सांगितले. उजवी स्लाइड डावीच्या मागून उठत होती. तिच्या केबलचा ढिलेपणा काढला, तेव्हा दोन्ही एकाच क्षणी हलल्या. ऑइल पंपाची खूणही जागेवर आहे ना, ते पाहिले. एअर स्क्रू दोन्हीकडे हलकेच बसवून दीड-दीड फेरा मागे घेतले. इंजिन तापल्यावर एका वेळी एकच सिलिंडर चालवून आयडलिंगचे स्क्रू लावले. शेवटी दोन्ही मिळून इंजिन बारीक, एकसारखे चालू लागले. अब्बांच्या वेळचा तो आवाज ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

“ही पट्टी रत्नागिरीपर्यंतची,” काकांनी बजावले. “तिथं दोन्ही रबरं बदला. एक गेलं की दुसरंही त्याच वयाचं असतं.”

घाटात धुके विरले होते. वळणावर रेस सोडली, की गाडी शहाण्यासारखी दबत होती. साखरपा, पाली, हातखंबा मागे पडले आणि असरच्या सुमारास खाऱ्या वाऱ्याबरोबर मिरकरवाड्याच्या सुक्या मासळीचा वास आला. फुफीने आम्हाला आधी पाणी दिले आणि मग टाकीवरून हात फिरवला. “भाईजानची गाडी,” एवढेच म्हणाली.

गिऱ्हाईक आले तेव्हा गाडी गरमच होती. धाकट्याने सीट उचलायच्या आधीच ट्यूबची पट्टी दाखवली. “हा जोड फुटलेला आहे. दोन्ही बदलावे लागतील.” त्यांनी वाकून पाहिले, गाडी सुरू करून बराच वेळ ऐकत राहिले आणि ठरलेल्या रकमेतून दोन रबरांचे व मजुरीचे पैसे कापले. आम्ही हुज्जत घातली नाही. विकताना मालाचा ऐब लपवायचा नसतो, हे अब्बांनीच शिकवले होते.

किल्ली देताना थोरल्याने त्यांना सांगितले, “आवाज बिघडला तर आधी स्क्रू पिळू नका. प्लगचा रंग पाहा.”