तीस टक्के

2004 साली खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडम रीस यांच्या गटाने 157 सुपरनोव्हांची यादी प्रसिद्ध केली, आणि मी लगेच गणिताला बसलो. विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे हे 1998 मध्येच कळलं होतं. हा वेग देणारी कृष्ण ऊर्जा स्थिर की बदलती, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी विश्वातल्या पदार्थाचं प्रमाण लागतं. मी ते तीस टक्के धरलं आणि पुन्हा हलवलं नाही. उत्तर आलं: ऊर्जा बदलते.

त्या दिवाळीत सातपाटीला, माझ्या गावी, मुलांसमोर बोललो. स्थिर ऊर्जा, म्हणजे आइन्स्टाइनचा स्थिरांक, बाद झाली, असं छातीठोकपणे सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

पदार्थाचा आकडा थोडा जरी चुकला तरी तो फरक कुठेतरी निघतोच. मी पदार्थाला हलूच दिलं नव्हतं, त्यामुळे सगळा फरक ऊर्जेच्या नावावर पडत होता. रीस यांच्याच गटाने 27 टक्क्यांच्या आसपास धरून स्थिर ऊर्जा पुरते असं म्हटलं होतं. हे प्रमाण बदललं की निष्कर्ष कसा पालटतो, ते पुण्यात आयुकातल्या वरुण सहानी आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं. मी दोन्ही वाचलं होतं. तरी आकड्याला हात लावला नाही. लावला तर हाती काही उरणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं.

पुढे हवाईतल्या एकाच दुर्बिणीने टिपलेले 71 दूरचे सुपरनोव्हा आले. त्यांना स्थिर ऊर्जा पुरत होती. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक प्रकरण माझ्या निकालावर उभं होतं. ते काढून तिने नव्याने लिहिलं, तेही शिष्यवृत्ती संपत आलेली असताना. तिला मी सांगितलं, ‘नवीन डेटा आला.’ तीस टक्क्यांबद्दल बोललो नाही. गावात तर काहीच कळवलं नाही.

मार्च 2025 मध्ये ‘डेसी’ या आकाश-सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. 1 कोटी 40 लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार, जोडीला सुपरनोव्हा आणि पार्श्वप्रारण. बदलत्या ऊर्जेकडे 2.8 ते 4.2 सिग्माचा कल. सिग्मा हे खात्रीचं माप; शोध म्हणायला पाच लागतात. इथे पदार्थाचं प्रमाण मोकळं सोडलेलं आहे.

त्या मुलांतला एक आता बोटीवर तांडेल आहे. त्याचा फोन आला. “सर, पेपरात वाचलं. तुम्ही तेव्हाच सांगितलेलं!”

“नाही रे. माझं गणित चुकलं होतं. आता हे खरं ठरलं तरी माझं चुकलेलंच राहील.” मग त्याला तीस टक्क्यांचं सगळं सांगितलं.

तो थोडा थांबला. “मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली,” मी म्हणालो.