तिच्या वतीनं

“गर्भपिशवी काढूनच टाक ना, दर महिन्याची कटकट तरी मिटेल.” भाचीला बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली तेव्हा ताईला हा सल्ला आधी शेजारच्या काकूंनी दिला, मग नात्यातल्या एका आत्याबाईंनी आणि शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी. तिघींच्याही बोलण्यात दुष्टपणा नव्हता, ताईची काळजीच होती. डॉक्टरबाईंनी टेबलावर झोपवलेल्या मुलीकडे न बघता विचारलं, “तिला तसाही त्या पिशवीचा उपयोग काय?”

ताई म्हणाली, “तिला त्या पिशवीचा त्रास काय आहे, ते आधी सांगा.”

भाची आता सतरा वर्षांची आहे. जन्मल्यावर ती लगेच रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सीच्या ज्या पाच पातळ्या डॉक्टर मोजतात, त्यातल्या शेवटच्या पातळीवर ती आहे. मान धरत नाही, आधाराशिवाय बसत नाही, बोलत नाही, आकडी येते. तिला आंबा आवडतो, रिक्षातून फिरायला आवडतं, मिक्सरचा आवाज अजिबात खपत नाही आणि भाऊजींची स्कूटर गल्लीत वळली की ती दोन्ही पाय ताणून हसते. दवाखान्याच्या फायलीत आकडी आणि मान असते. आंबा आणि स्कूटर ताईला तोंडानं सांगावी लागते, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला नव्यानं सांगावी लागते.

ताईच्या त्या उत्तरामागं शिरूर होतं. १९९४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी पुण्यात शिकत होतो. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात आणून त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या जाताहेत, ही बातमी बाहेर आली आणि पुणं ढवळून निघालं. दहाहून अधिक मुलींवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या थांबल्या. या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. काही डॉक्टरांनी आणि काही पालकांनीही त्याला दुजोरा दिला. ते पालक खोटं बोलत नव्हते. मोठ्या झालेल्या, अंगानं भरलेल्या, काही न कळणाऱ्या मुलीचं सगळं करणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं आणि मोर्च्यातल्या आम्हा विद्यार्थिनींना ठाऊक नव्हतं.

तरीही तेव्हा पडलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे. जिथं मुलींचे कपडे बदलायला माणसं पुरत नाहीत, तिथं माणसं वाढवायची की मुलींच्या अंगातला अवयव कमी करायचा? शिवाय चारचौघांत न बोलली जाणारी एक भीती असतेच, कुणी तिच्यावर हात टाकला तर काय, ही. गर्भपिशवी काढल्यानं तो हात थांबत नाही. फक्त तो प्रकार उघडकीला येण्याची एक वाट बंद होते.

ताईनं दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. हे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी आधी खुर्ची ओढून भाचीजवळ बसून घेतलं आणि मग एकेक गोष्ट उलगडली. मुलीला डायपर आहेच, चार दिवस तो जरा लवकर बदलावा लागेल, एवढाच फरक. पिशवी काढली तरी बीजकोश राहतात, त्यामुळं संप्रेरकांची चढउतार चालूच राहते. तिची फुप्फुसं आधीच कमकुवत, तिला मोठी भूल देणं हाच मोठा धोका. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे, पण त्यानं हाडं ठिसूळ होतात, आणि कधी उभीच न राहिलेल्या मुलीची हाडं मुळातच ठिसूळ असतात. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो तोवर कुणी विचारला नव्हता, “पाळीच्या आधी आकड्या वाढतात का?” वाढत होत्या. म्हणजे त्रास होता, पण तो भलत्याच ठिकाणी होता. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्या दिवसांपुरता औषधाचा डोस वाढवला, पोटदुखीसाठी साधी गोळी दिली. गर्भपिशवीचा विषय तिथं संपला.

इथवर वाचून ताई ऑपरेशनच्या विरोधातली आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. पोटातल्या नळीचा किस्सा याच्या अगदी उलट आहे.

भाचीला भरवायला एकेका वेळी तासभर लागायचा. मऊ वरणभात मिक्सरमधून काढायचा, मांडीवर तिला तिरकं धरायचं, चमचा जिभेच्या मध्यावर टेकवायचा आणि गिळल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं. अर्धं बाहेर यायचं. काही वेळा घास आत जाताना घशातून ओला, खरखरता खोकला यायचा आणि ताईचा चेहरा उतरायचा, कारण घास कुठं गेला ते तिला कळलेलं असायचं. दर पावसाळ्यात न्यूमोनिया. नवव्या वर्षी भाचीचं वजन तेरा किलो होतं. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते की पोटाला छिद्र पाडून थेट जठरात नळी घालू. ताई ऐकत नव्हती. “भरवणं एवढंच तर मी तिच्याशी बोलते,” असं ती म्हणायची, आणि सासूबाई म्हणायच्या, “तोंड असताना पोटातून कशाला?”

ही नळी काही जगावेगळी नाही. पोट न उघडता, दुर्बिणीच्या मदतीनं ती बसवण्याची रीत १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी सुरू केली, आणि त्यांचा पहिला रुग्ण काही महिन्यांचं बाळ होतं. मुलांसाठीच निघालेला हा इलाज. त्यातही धोके आहेत. छिद्राभोवती जखम चिघळते, नळी निसटते, पोटातलं वर उलटतं. पण ताईच्या स्वतःच्याच प्रश्नाला लावून पाहिलं तर उत्तर स्वच्छ होतं: त्रास मुलीला होता, तो दिसत होता, वजनकाट्यावर मोजता येत होता. नळी नको होती ती आम्हा मोठ्यांना.

नळी बसवली. आता मोठी सिरिंज हातभर उंच धरायची, पातळ केलेलं अन्न आपसूक उतरतं, शेवटी कोमट पाणी सोडून नळी धुवायची. वीस मिनिटांत जेवण. उरलेल्या वेळात ताई तिच्याशी खरंच बोलते. आणि आंबा सुटला नाही, आमरसाचं बोट जिभेवर टेकवलं की भाची ओठ मिटून ते पुरवून पुरवून चाखते.

दोन्ही निर्णय तिच्या शरीराविषयीचे, दोन्ही तिला न विचारता घेतलेले. त्यांच्यातला फरक मला ॲशलीच्या प्रकरणामुळं नीट दिसला. सिएटलच्या बालरुग्णालयात २००४ साली या सहा वर्षांच्या मुलीची गर्भपिशवी काढली, स्तनांच्या गाठी काढल्या आणि मग मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन देऊन तिची उंची वाढणं थांबवलं. तीही भाचीसारखीच, न बसणारी, न बोलणारी. डॉक्टर गुंथर आणि डॉक्टर डिकेमा यांनी २००६ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, जानेवारी २००७ मध्ये आईवडिलांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली आणि जगभर वाद पेटला. आईवडिलांचं म्हणणं असं: लहान राहिली तर आम्ही तिला उचलू शकू, फिरायला नेऊ शकू, ती कायम आमच्यातच राहील. रुग्णालयाच्या नीतिसमितीनं होकार दिला होता. पण वंध्यत्व आणणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी तिथल्या कायद्यानं न्यायालयाची परवानगी लागते आणि ती घेतलेलीच नव्हती. हे मे २००७ मध्ये रुग्णालयाला मान्य करावं लागलं.

मी ताईला हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं ती चिडेल. ती बराच वेळ गप्प राहिली. तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती, इमारतीला लिफ्ट नव्हती, नळीमुळं बाळसं धरलेल्या भाचीला भाऊजी खांद्यावर घेऊन उतरायचे आणि ताईच्या कमरेला पट्टा लागला होता. “त्या आईला मी नावं ठेवणार नाही,” ती म्हणाली. “पण घर लहान पडतं म्हणून पोरीला लहान करायचं?” पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तो फ्लॅट भाड्यानं दिला आणि स्वतः तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. न्हाणीघराचं दार रुंद करून घेतलं. प्रत्येकाला हे परवडत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापुढं शस्त्रक्रिया हाच स्वस्त मार्ग उरतो, आणि माझ्या मते खरा अन्याय इथं आहे. आईबापांची परीक्षा आपण घेतो. रॅम्प, मदतनीस, दिवसभराचं पाळणाघर हे काहीच न देणाऱ्या व्यवस्थेची मात्र कुणी घेत नाही.

अतिदक्षता विभागातला प्रसंग थोडक्यात सांगते, कारण तो अजूनही जड जातो. नळी बसवायच्या आधीचा शेवटचा न्यूमोनिया. रात्री एका तरुण डॉक्टरनं भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, “अशा मुलीसाठी व्हेंटिलेटरपर्यंत जायचं का?” भाऊजींना शब्द फुटेना. ताईनं विचारलं, “हाच न्यूमोनिया धडधाकट मुलीला झाला असता तर तुम्ही काय केलं असतं?” “लावला असता,” तो म्हणाला. “बरी होण्याची शक्यता?” “चांगली आहे.” “मग लावा.” भाची सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाली.

अमेरिकेत १९८२ साली इंडियाना राज्यात डाऊन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. ती शस्त्रक्रियेनं जोडता येत होती, पण डाऊन सिंड्रोम आहे म्हणून आईवडिलांनी नकार दिला, न्यायालयांनी तो मान्य केला आणि बाळ काही दिवसांत गेलं. ‘बेबी डो’ या नावानं ते प्रकरण गाजलं आणि पुढं तिथं कायदा बदलला. त्या तरुण डॉक्टरच्या ‘अशा मुलीसाठी’मध्ये तेच होतं. आजार एक, आणि निर्णय दुसऱ्याच गोष्टीवरून. बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकतो, याबद्दल १९९९ मधला एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा फार चांगलं असल्याचं सांगितलं. अर्थात ती बोलू शकणारी माणसं होती. भाचीचं म्हणणं त्या आकड्यांत मोजता येणार नाही.

ताई प्रत्येक वेळी ‘लावा’ म्हणते असंही नाही. पाठीचा कणा वाकत चालला तेव्हा सळया घालून सरळ करण्याची लांबलचक शस्त्रक्रिया सुचवली गेली. भुलीतून ती बाहेर येईल याची खात्री डॉक्टर देईनात आणि तेव्हा तिला कण्यामुळं दुखत असल्याचं काही दिसत नव्हतं. ताई-भाऊजींनी नाही म्हटलं. त्या नकाराचं ओझंही त्यांनीच वाहायचं.

आता ती अठराची होईल आणि सहीचा प्रश्न नव्यानं उभा राहील. अठरापर्यंत आईबाप तिचे नैसर्गिक पालक. त्यानंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं की वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतंत्र, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. २००९ मध्ये चंडीगडच्या संस्थेतल्या एका गरोदर तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला नकार दिला. पण तिला आपली इच्छा सांगता येत होती. ज्यांना ती शब्दांत सांगता येत नाही त्यांच्यासाठी हे कलम एक भिंत उभी करतं, आणि ती भिंत हवीच. मात्र भिंतीच्या आतलं माणूस काय म्हणतंय, ते ओळखायचं काम कायदा करत नाही.

ते सध्या घरात चाललंय. भाचीचा डावा खुबा निखळला आहे. तिच्या पातळीवरच्या सुमारे ९० टक्के मुलांचा खुबा कधी ना कधी सरकतो, त्यामुळं हे अनपेक्षित नव्हतं. मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून टाकण्याचा पर्याय सर्जननी सांगितला आहे. त्यानं ती चालणार नाही, बसणारही नाही. दुखत असेल तर दुखणं थांबू शकेल. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं आहे, तिला दुखतं का आणि किती.

न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं मोजण्याची एक पट्टी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज दहापैकी. त्यात आईनं आपल्या मुलाच्या खास खुणा लिहायच्या असतात. ताईनं लिहिल्या: दुखलं की डावी मूठ आवळते, नाकपुड्या फुगतात, रडत नाही, श्वास धरून ठेवते. दोन आठवडे आम्ही डायपर बदलताना, आंघोळीच्या वेळी आणि कूस वळवताना गुण लिहिले. सकाळी सहा-सात, दुखण्याचं औषध दिल्यावर दोन. सर्जननी कागद नीट वाचला आणि विचारलं, “रात्रीचे आकडे कुठे आहेत? झोपमोड होते का तिची?”

रात्रीचे आम्ही लिहिलेच नव्हते. आता मी आणि ताई आळीपाळीनं जागतो, दर दोन तासांनी कूस वळवतो आणि वहीत नोंद करतो. सर्जननी दिवाळीनंतर बोलावलं आहे.