रंगाचा उरलेला थर

‘गाडी धुण्यावर लिहा, पण तांत्रिक नको, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहा,’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं. प्रयत्न करतो. मात्र या कामातलं तांत्रिक बाजूला काढलं तर उरतं फक्त पाणी, साबण आणि फडकं. लोकांना आमचं काम तेवढंच वाटतं आणि सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं.

माझं शेड युसूफ वडगावात आहे. केजहून, अंबाजोगाईहून, कधी लातूरहूनही गाड्या येतात. पुण्याला शिकलो, तिथल्या दुकानात काम केलं आणि गावी परतलो. ‘गाड्या पुसायला पुण्याला कशाला जावं लागतं?’ हा प्रश्न मी अजूनही ऐकतो. त्याचं उत्तर मायक्रॉनमध्ये आहे.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. तुमच्या हातातल्या या अंकाचं एखादं पान जवळपास तेवढंच जाड भरेल. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या पानाएवढासुद्धा नाही. चमक त्याच थराची असते आणि सूर्याची अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. तो एकदाच मिळतो. घासून कमी करता येतो, घासून वाढवता येत नाही.

रबिंग-पॉलिशची आपल्याकडची सवय अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळातली आहे. तेव्हा रंगावर वेगळा क्लिअर कोट नसायचा. उन्हाने वरचा भाग मेला की कंपाउंड लावून तो काढायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. फडक्यावर गाडीचा रंग उतरलेला दिसायचा, त्यामुळे किती काढलं ते कारागिराला कळायचं. आताच्या गाडीवरून निघतो तो पारदर्शक थर. फडकं पांढरंच राहतं आणि आपण काही गमावलं असं कुणालाच वाटत नाही.

थर कमी होण्याची सुरुवात धुण्यापासूनच होते. आमच्याकडची काळी माती स्वतः मऊ आहे. ओरखडे काढतात ते तिच्यात मिसळलेले बेसाल्टच्या खडीचे आणि वाळूचे कण. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की हे कण फडक्याखाली अडकून रंगावरून फरफटत जातात. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती हीच. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ते गोल दिसतात.

म्हणून मी चाकांपासून सुरुवात करतो. गाडी सावलीत उभी करायची, ब्रेक थंड होऊ द्यायचे. मॅगव्हीलवर जी तांबूस-काळी काजळी बसते तिला लोक चिखल समजतात. ब्रेक दाबला की बिडाची डिस्क आणि पॅड झिजतात. लोखंडाचे गरम कण उडून चाकाच्या लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. साबणाने ते निघत नाहीत. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेलं औषध मिळतं. ते लोखंडाला धरून जांभळं होतं आणि चाकावरून जांभळे ओघळ खाली येतात. वास उग्र असतो, पण चाकाला धक्का लागत नाही. मग मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागून, नटांच्या खाचांतून हात फिरवायचा. चाकांची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं. त्यातली एकही वस्तू रंगाला लावायची नाही.

पुष्कळ ठिकाणी हेच काम ॲसिडने होतं. मॅगव्हील म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. लॅकरला बारीक चीर असेल तर ॲसिड आत शिरून धातू खातं, काही आठवड्यांनी लॅकरखाली पांढऱ्या रेषा पसरतात आणि ते चाक पुन्हा मूळचं होत नाही. फ्लोराइड असलेली ॲसिडं तर कातडीतून हाडापर्यंत जातात. उघड्या हातांनी ते काम करणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं मी पाहिली आहेत. चाकांपेक्षा मला त्यांच्या बोटांची काळजी जास्त वाटते.

चाकांनंतर अंग. आधी साध्या पाण्याने सुटी धूळ खाली काढायची. मग फेस मारून काही मिनिटं थांबायचं, पण तो वाळू द्यायचा नाही. नंतर दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची. मोजा साबणात बुडवायचा, एक भाग वरून खाली सरळ रेषेत धुवायचा, दुसऱ्या बादलीत खळबळायचा आणि मगच पुन्हा साबणात घालायचा. दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण खडी तिथेच असते. पुसताना दाबून घासायचं नाही. जाड मायक्रोफायबर अंथरायचं आणि अलगद ओढायचं.

आमच्या बोअरच्या पाण्याची एक वेगळी कटकट आहे. ते जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गाडीवर थेंब वाळला की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथेच राहतं आणि उन्हात पक्कं बसतं. म्हणून शेडच्या पत्र्यावरून उतरणारं पावसाचं पाणी मी साठवतो आणि शेवटचा हात त्या पाण्याचा देतो.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे. ते आटलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्या भागात बसून मी गाड्या धुतो, आणि दर उन्हाळ्यात मनात येतं की हे काम इथे करावं का. टंचाईत मी पाइप लावतच नाही. पाण्यात पॉलिमरचं द्रव मिसळायचं, त्यात भिजलेली फडकी घ्यायची आणि प्रत्येक घडी एकदाच वापरायची. हलकी धूळ असेल तर बादलीभर पाण्यात गाडी होते. चिखलाने लडबडलेली गाडी मात्र तशी पुसता येत नाही. ती मी परत पाठवतो.

आता कोटिंगबद्दल. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. ‘९एच सिरॅमिक कोटिंग करा, ओरखडाच पडणार नाही,’ असं लोक कुठूनतरी ऐकून येतात. हे ९एच म्हणजे काय? चित्रकलेच्या पेन्सिली आठवा. बी म्हणजे मऊ, एच म्हणजे कठीण, मधे एचबी. ठरावीक वजनाखाली, ४५ अंशांत धरलेली पेन्सिल थरावर ढकलायची आणि कोणत्या पेन्सिलीने खूण पडते ते बघायचं, एवढीच ही परीक्षा. ९एच ही त्या पट्टीतली शेवटची पेन्सिल. म्हणजे परीक्षा तिथे संपली, त्यापुढे काहीच मोजलं गेलं नाही. खनिजांच्या कठीणपणाची मोहसची पट्टी वेगळी. ती १८१२ ची. तिच्यात हिरा १० वर आणि माणिक ज्या खनिजाचं, ते कुरुंद ९ वर आहे. दोन्हीकडे नऊचा आकडा दिसतो आणि लोकांना वाटतं, गाडीला माणकाचं कवच चढलं. पेन्सिलीच्या कांडीत असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या पट्टीवर ७ वर आहे. ९एच ची पेन्सिल सोसणाऱ्या थरावर वाळूचा कण दाबून फिरवला तर ओरखडा पडणारच. त्यात हा थर बहुधा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो. मी स्वतः कोटिंग करतो, चांगलं करतो आणि त्याचे गुणही सांगतो. पाणी घरंगळतं, चिखल धरून बसत नाही, धुताना कमी घासावं लागतं. एवढं पुरेसं मोठं काम आहे. पण ‘ओरखडा पडत नाही’ असं सांगून कोटिंग विकलं की मालक निर्धास्त होतो, कोरडं फडकं पुन्हा हातात घेतो आणि गाडीचं आधीपेक्षा जास्त वाटोळं होतं.

मागच्या वर्षीची एक गाडी अजून डोक्यातून जात नाही. दसऱ्याच्या पूजेनंतर आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी काळी सेकंड हँड गाडी घेऊन आले. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, ते वाळल्यावर सुती फडक्याने खरवडून पुसलेलं. झेंडूच्या माळेच्या चिकटपट्टीचे डाग होतेच, नारळाचं पाणीही वाळून बसलेलं. तुळशीच्या लग्नानंतर घरात लग्न होतं.

‘अरे, पॉलिशचं मशीन फिरव एकदा. आरशासारखी झाली पाहिजे.’

मी जाडी मोजायचं यंत्र लावलं. दरवाज्यांवर ११० च्या आसपास आकडे येत होते, बॉनेटच्या मधोमध सत्तरही भरेना. आधीच्या मालकाकडे कुणीतरी ते भरपूर घासलेलं होतं. मी म्हणालो, ‘गुरुजी, डाग काढतो, हाताने वॅक्स लावतो. मशीन नको. इथे थरच उरला नाही.’

‘पण मला तर काही कमी दिसत नाही.’

त्यांचंही खरं होतं. बॉनेट चांगलं चमकत होतं. डाग काढून घेतले आणि ते गेले. मशीन त्यांनी दुसरीकडे फिरवून घेतलं. लग्नात गाडी देखणी दिसत होती, मीच पाहिली. एप्रिलमध्ये, ऊन चाळिशीच्या पुढे गेल्यावर, बॉनेटवर पांढुरके चट्टे उठले आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटू लागला. आता पूर्ण बॉनेट रंगवण्याशिवाय इलाज नाही.

मला छळतं ते हे की आमच्या धंद्यात नुकसान केल्या दिवशी दिसत नाही. त्या दिवशी दिसते ती चमकच. जो जास्त थर काढतो त्याचं काम संध्याकाळी जास्त उठून दिसतं आणि जो थर राखतो त्याच्या हाताखालची गाडी नुसती स्वच्छ दिसते. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या संध्याकाळी पाहून. दोन वर्षांनी रंग टिकला तर त्याचं श्रेय कंपनीला जातं. याचा शीण येतो. तरी मी हे काम दुसऱ्या पद्धतीने करणार नाही, कारण यातलं कसब मी हेच मानतो: कमीत कमी काढून स्वच्छ करणं.

तेव्हा पाडव्याला नवी गाडी घेणार असाल तर शोरूमला आधीच सांगून ठेवा की धुऊ नका, पुसू नका, पॉलिश तर लावूच नका. घाईच्या दिवशी एका फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात आणि नव्या रंगावर पहिली वर्तुळं तिथेच पडतात. धुळीसकट गाडी घरी आणा. पूजा जरूर करा, मात्र स्वस्तिक काचेवर काढा, नारळ चाकापासून हातभर दूर फोडा आणि हार चिकटपट्टीऐवजी दोऱ्याने बांधा. कुंकू सांडलंच तर वाळायच्या आत पाणी ओता, हात लावू नका. जुन्या गाडीवर कुणी मशीन फिरवायला निघाला तर आधी विचारा, थर मोजला का? त्याच्याकडे मोजायचं यंत्र नसेल तर गाडी फक्त धुऊन घ्या आणि घरी चला.