जंतूचा जमाखर्च

जबलपूर म्हटले की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, धुवांधारचे उसळते पाणी आठवते. पाहुण्याला तिथे नेऊन आणले की यजमानाचे कर्तव्य संपते! पण याच शहरात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गढा भागात एक अशी संस्था आहे, जी पाहायला कुणी पाहुणा जात नाही. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८४ साली ती स्थापन केली. येथील संशोधकांनी शिवपुरी, श्योपूरकडच्या सहरिया वस्त्यांमध्ये जाऊन, लोकांच्या थुंकीचे नमुने गोळा करून क्षयरोगाचे प्रमाण मोजले. ते देशाच्या सरासरीपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले.

क्षय! एके काळी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायचीही चोरी होती. ‘त्याला राजरोग झालाय’ असे दबक्या आवाजात सांगितले जाई. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली, १८८६ मध्ये पदवी घेऊन परतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात याच रोगाने गेली. जंतू कोण हे ठाऊक होते, त्याला मारायचे कसे हे मात्र कुणालाच माहीत नव्हते. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले.

औषध सापडले म्हणून प्रश्न सुटला, असेही नाही. भारतात आजही दरवर्षी २५ लाखांहून अधिक लोकांना क्षय होतो. महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरे वाटले की माणूस त्या सोडतो, आणि मग उरलेले जंतू त्याच गोळ्यांना दाद देईनासे होतात. त्यात हा जंतू मोठा संथ. आपल्या आतड्यातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात. प्रयोगशाळेत नळीत थुंकीचा नमुना लावला, तर तो वाढून दिसायला कित्येक आठवडे जातात. एकेक औषध असे नळीत लावून बघत बसायचे, तर आयुष्य पुरायचे नाही.

मग प्रत्यक्ष जंतूऐवजी त्याचा हिशेबच संगणकात मांडला तर?

कल्पना वाटते तितकी अवघड नाही. कुठल्याही गृहिणीला ती चटकन कळेल. महिन्याचा किराणा घरात येतो. त्यातून पोळ्या होतात, आमटी होते, सणावाराला पुरण होते. डाळ दोन किलो आणली असेल, तर आमटी आणि पुरण मिळून दोन किलोंपेक्षा जास्त डाळ खर्च होऊ शकत नाही. जंतूच्या पेशीतही तेच चालते. बाहेरून अन्न येते. एका पदार्थाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा असे करत पेशी त्यातून आपल्या भिंती, प्रथिने आणि ऊर्जा तयार करते. यालाच चयापचय म्हणतात. या प्रत्येक पायरीला एकेक विकर, म्हणजे खास कामाचे प्रथिन, लागते आणि ते कसे घडवायचे याची कृती जंतूच्या जनुकांत लिहिलेली असते.

ही कृतींची वही क्षयजंतूच्या बाबतीत १९९८ साली संपूर्ण वाचली गेली. ब्रिटन आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी स्टुअर्ट कोल यांच्या नेतृत्वाखाली ४४ लाखांहून अधिक अक्षरांचा तो मजकूर प्रसिद्ध केला. सुमारे ४ हजार जनुके हाती आली. मात्र नेमके काम सांगता आले ते त्यांपैकी जेमतेम ४० टक्क्यांचेच. वही मिळाली, पण निम्मी पाने मोडीत!

जी वाचता आली, त्यांवरून क्रियांची यादी करायची. कोणत्या क्रियेत काय किती खर्ची पडते आणि काय किती तयार होते, याचा एक प्रचंड तक्ता मांडायचा. मग संगणकाला विचारायचे, एवढ्या किराण्यात हा जंतू जास्तीत जास्त किती वाढेल? त्यासाठी वापरायचे गणितही नवे नाही. कमीत कमी पैशांत पोषक आहार कसा बसवावा, हे कोडे १९४०च्या दशकात याच गणिताने सोडवून पाहिले होते. नंतर एकेक क्रिया तक्त्यातून खोडायची आणि पुन्हा विचारायचे, आता वाढतो का? जी खोडल्यावर वाढ शून्यावर येते, ती पायरी औषधाने अडवण्याजोगी.

कागदावरचा हिशेब खराखुरा जंतू कशाला मानेल, अशी शंका कुणालाही येईल. कॅलिफोर्नियातील बर्नहार्ड पाल्सन यांच्या गटाने ती पडताळून पाहिली. त्यांनी ई. कोलायला ग्लिसरॉलवर वाढवले. संगणकाने सांगितले होते त्यापेक्षा तो बराच हळू वाढला. पण पठ्ठ्याला तसेच ग्लिसरॉलवर ठेवले, तेव्हा चाळीस दिवसांत, सुमारे ७०० पिढ्यांनंतर, त्याने संगणकाने वर्तवलेला वेग गाठला. हे २००२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या देशात या वाटेने गेलेले एक ठळक काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. तेथील कार्तिक रामन, प्रीती राजगोपालन आणि नागसुमा चंद्रा यांनी २००५ साली क्षयजंतूच्या मेणचट भिंतीचा हिशेब मांडला. ही भिंत म्हणजे त्याचे चिलखत. ती मायकोलिक आम्लांची असते, आणि १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे औषध नेमके तिचेच बांधकाम अडवते. या मंडळींच्या तक्त्यात १९७ पदार्थ, २१९ क्रिया आणि २८ प्रथिने होती. जुन्या औषधाचे ठिकाण तर त्यातून निघालेच, शिवाय घाव घालता येतील अशी आणखी काही प्रथिनेही पुढे आली.

याहून मोठा डाव सी.एस.आय.आर.ने मांडला. समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये क्षयाच्या औषधशोधाचा एक खुला प्रकल्प सुरू झाला. २०१० मध्ये देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. एकेक जनुक वाटून घ्यायचे, त्यावर जगभरात काय छापून आले आहे ते वाचायचे आणि नोंदी करायच्या. बहुतेकांनी क्षयाचा जंतू डोळ्यांनी पाहिलाही नसेल! या खटाटोपातून २०१४ मध्ये ८९० जनुकांचा समावेश असलेली चयापचयाची प्रतिकृती प्रसिद्ध झाली. मोडीतली बरीच पाने अशी बाळबोधीत आली, याचे श्रेय त्या मुलांना द्यायलाच हवे.

असे असले तरी संगणकाने औषध काढून दिले, असे कुणी समजू नये. बेडाक्विलिन हे क्षयावरचे गाजलेले नवे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते जंतूचा ऊर्जापुरवठाच तोडते, जणू चुलीचा गॅस बंद करावा तसे. पण ते सापडले जुन्याच पद्धतीने, हजारो रसायने जिवंत जंतूंवर टाकून बघता बघता. तक्ता फक्त दार कुठे आहे ते सांगतो. किल्ली घडवायला रसायनशास्त्रज्ञच लागतो. शिवाय जंतू आपल्या शरीरात नक्की काय खातो, हे ठाऊक नसेल तर सगळे गणित चुकते. तो यजमानाच्या कोलेस्टेरॉलवरही गुजराण करतो आणि मुक्काम टिकवायला ते त्याला लागते, हे २००८ मध्ये दिसून आले.

आणि ज्याच्या अंगात तो राहतो, तो माणूस काय खातो? त्याचे उत्तर झारखंडमधून आले. तेथे २०१९ ते २०२२ या काळात अनुराग आणि माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांच्या कुटुंबांत एक प्रयोग केला. सगळ्या रोग्यांना औषधांबरोबर शिधा मिळाला. निम्म्या गटांत मात्र घरातल्या इतर माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी.

सरकारकडून क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचे १,००० झाले. श्योपूरकडच्या वस्तीत ते रोग्याच्या खात्यावर जमा होतात, आणि डाळ आणली की ती शिजते सगळ्या घरासाठी.